पत्र्याच्या शेडमधली रेंज

कोल्हापूरहून पुणे–बंगळुरू महामार्गाने दक्षिणेला निघालो, की कागल यायच्या जरा आधी लक्ष्मी टेकडीपाशी पंचतारांकित एमआयडीसीचा रस्ता फुटतो. वसाहत कागल आणि हातकणंगले अशा दोन तालुक्यांत पसरली आहे. कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली ही गावे तिच्या अंगाला लागून आहेत. इथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे, रेमंडचा उंची सुती शर्टिंगचा कारखाना आहे. या प्रकरणात मात्र आपल्याला जायचे आहे ते आतल्या रस्त्यांवरच्या लहान शेडमध्ये. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, एक ड्रिलिंग मशीन, दहा-पंधरा माणसे आणि त्यांच्याबरोबरीने मशीनवर उभा राहणारा मालक. कोल्हापूरचा इंजिनिअरिंगचा धंदा अशाच शेडवर उभा राहिला. आधी शिवाजी उद्यमनगरात, मग शिरोलीत, गोकुळ शिरगावात आणि त्यानंतर इकडे कागलला.

अशा शेडमध्ये फोन वाजला की माणूस आधी दाराकडे चालू लागतो. ‘थांबा जरा, भाईर येतो, आत रेंज न्हाई’ हे वाक्य इथे दिवसभर कुठे ना कुठे ऐकू येते. तोवर मशीनवरचा जॉब थांबतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे नजरेआड चालू राहतो. वसाहतीत टॉवर नाहीत असे नाही. दारात उभे राहिले तर रेंज भरपूर असते, आणि दहा पावले आत आले की फोन मुका होतो. असे का होते ते नीट समजून घेतले, तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे घालायचे नाहीत हेही कळते.

मोबाइलची लहर ही प्रकाशाच्याच कुळातली लहर, फक्त तिची लांबी मोठी. ९०० मेगाहर्ट्झवर ती सुमारे ३३ सेंटीमीटर भरते, १८०० वर त्याच्या निम्मी, आणि ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपास साडेआठ सेंटीमीटर. वीट, लाकूड, प्लास्टर यांतून ती झिजत झिजत का होईना, पार जाते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५च्या सुमारास कोलकात्यात बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. मध्ये पत्रा असता तर ती घंटा वाजली नसती. लहर धातूवर आदळली की धातूतले इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलतात आणि तिला परत फेकतात. त्यासाठी धातू जाड असावा लागत नाही. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात मोजावा इतक्या पातळ थरातच लहर संपते. छपराचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा असला तरी लहरीच्या दृष्टीने ती अभेद्य भिंतच आहे.

म्हणून आत जी काही रेंज पोहोचते ती दारे, खिडक्या, व्हेंटिलेटर आणि छपरात उजेडासाठी बसवलेली फायबरची पाने यांतून. शेडमध्ये उजेड जिथून येतो, तिथूनच बहुतेक रेंजही येते. आत आल्यावर पुन्हा मशीनच्या बॉड्या, क्रेनचे गर्डर, रॅक, कास्टिंगचे ढीग. लहर यांच्यावर आपटत, परतत फिरते. काही ठिकाणी दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना पुसून टाकतात, आणि तिथून हातभर सरकले की पुन्हा आवाज येतो. कामगार फोन हातात धरून शेडमध्ये जागा शोधत फिरतो, त्याला असे पक्के कारण आहे.

फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा खरा आकडा पाहता येतो. तो उण्यात असतो आणि दर १० आकड्यांना शक्ती दहापट बदलते. दाराबाहेर उणे ८० आणि मशीनपाशी उणे ११० दिसले, तर आत पोहोचणारी शक्ती हजार पटीने कमी झाली. पडद्यावरच्या काड्यांवरून हा फरक कळत नाही. सिग्नल असा क्षीण झाला की फोन टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी आपल्या पूर्ण ताकदीनिशी बोलू लागतो. ४जी फोनची ही कमाल ताकद साधारण ०.२ वॅट असते. दिवसभर शेडमध्ये असलेल्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

फाउंड्रीत एक समज पक्का बसलेला असतो की भट्टी चालू झाली की रेंज जाते. इंडक्शन भट्टीची वारंवारता काही शे ते काही हजार हर्ट्झ असते आणि मोबाइलची किमान सत्तर कोटी हर्ट्झ. दोन्हींचा एकमेकींशी संबंध येत नाही. रेंज खाते ते छप्पर आणि लोखंड. भट्टीच्या कॉइलजवळ आणि लाडलजवळ फोन नकोच, पण त्याची कारणे वेगळी आहेत. उष्णतेने फोन बंद पडतो, त्याच्या बॅटरीला धोका असतो, आणि चौदाशे अंशांच्या आसपासचे लोखंड ओतताना माणसाचे लक्ष दुसरीकडे जाणे तर त्याहून धोक्याचे.

मग उपाय काय? बाजारात सहज मिळणारा आणि सर्वांत चुकीचा उपाय म्हणजे बूस्टर. छपरावर एक अँटेना, आत एक डबी, आणि रेंज येते. विनापरवाना बूस्टर बसवणे आपल्याकडे बेकायदा आहे, आणि त्यामागचे कारण तांत्रिक आहे. असा बूस्टर चांगल्या सिग्नलबरोबर खरखरही वाढवून टॉवरकडे पाठवतो. आतल्या अँटेनाचा आवाज बाहेरच्या अँटेनात शिरला, तर सभेत माइक शिट्टी मारतो तसा तोही बेभान होतो आणि आजूबाजूच्या सगळ्या प्लॉटचे फोन बिघडवतो. एकाच्या सोयीसाठी सगळ्या गल्लीची रेंज घालवायची, हा मार्ग सोडून द्यावा. टॉवरची गरज खरोखरच असेल तर ती मागणी उद्योजक संघटनेमार्फत दूरसंचार कंपनीपर्यंत न्यावी. कागल-हातकणंगलेच्या उद्योजकांची ‘मॅक’ ही संघटना आहे, शिरोलीची ‘स्मॅक’ आहे, गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’ आहे. एकट्या शेडच्या अर्जापेक्षा तीस शेडच्या एका अर्जाला वजन असते.

स्वतःच्या हातातला उपाय स्वस्त आहे. २०१९च्या अखेरीस आणि २०२०च्या सुरुवातीला एअरटेल आणि जिओने वायफाय कॉलिंग सुरू केले. फोनच्या सेटिंगमध्ये ते चालू केले, की टॉवरची रेंज नसतानाही वायफायवरून आपल्याच नंबरवर फोन येतो-जातो. वेगळे ॲप लागत नाही. मात्र वायफाय शेडमध्ये पोहोचले पाहिजे, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. राउटर ऑफिसच्या केबिनमध्ये, मालकाच्या टेबलामागे ठेवलेला असतो. केबिन आणि शेड यांच्यामध्ये भिंत, भिंतीला टेकून लोखंडी कपाट. मग रेंज येत नाही म्हणून आणखी महागडा राउटर आणला जातो. त्यापेक्षा केबिनमधून एक चांगली लॅन केबल शेडमध्ये न्यावी आणि मशीनच्या उंचीच्या वर, सगळीकडून दिसेल अशा जागी धूळबंद पेटीत एक ॲक्सेस पॉइंट बसवावा. पेटी प्लास्टिकची हवी. लोखंडी पेटीत ठेवला, तर पुन्हा पत्र्याची शेडच उभी केली. बिनतारी व्यवस्था चांगली हवी असेल तर तारेवर खर्च करावा लागतो, हे ऐकायला विचित्र वाटते. पण टॉवरचेही तसेच आहे. फोनपासून टॉवरपर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा हवेतून असतो, बहुतेक ठिकाणी पुढचा सगळा प्रवास काचेच्या तंतूतून जमिनीखालून होतो.

नवे यंत्र घेतानाही हे भान हवे. हल्ली कॉम्प्रेसर, जनित्र, वीजमीटर, टेम्पोतला जीपीएस यांच्यात सिम असते आणि त्यांची खबर मालकाच्या फोनवर येते. विकत घेताना विचारावे की आतले सिम कोणत्या पिढीवर चालते. एअरटेलने २०२०च्या सुमारास आपले ३जी गुंडाळले, जिओकडे २जी कधी नव्हतेच. यंत्र पंधरा वर्षे टिकेल, पण त्याचे सिम ज्या नेटवर्कवर बोलते ते टिकेलच असे नाही.

आता जरा मागे जाऊ. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ला झाला, कोलकात्याहून ज्योती बसू आणि दिल्लीत सुखराम. तेव्हा फोन करणाऱ्यालाही पैसे पडत आणि घेणाऱ्यालाही, गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपयांच्या घरात. लहान कारखानदाराने त्याकडे पाहायचेही कारण नव्हते. मे २००३मध्ये इनकमिंग फुकट झाले, त्याच वर्षी रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हातात द्यायला सुरुवात केली, आणि तिथून चित्र पालटले. त्याआधी एक कास्टिंग कुठवर आले हे कळायला माणूस पाठवावा लागे, आणि माणूस पोहोचेपर्यंत टेम्पो निघून गेलेला असे.

हे नुकसान किती मोठे असते ते केरळमध्ये मोजले गेले आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावरचे तारलीचे बाजार पाहिले. फोन येण्यापूर्वी एका बंदरावर कोळी न खपलेली मासळी फेकून देत, आणि त्याच सकाळी पंधरा किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या बंदरावरून गिऱ्हाइके रिकाम्या हाताने परतत. किनाऱ्यावर टॉवर उभे राहिले, कोळ्यांनी समुद्रातूनच भाव विचारायला सुरुवात केली, आणि फेकून द्यायची वेळ जवळजवळ संपली. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली, असे दिसते. कोल्हापुरातल्या कास्टिंगचा प्रवास याहून गुंतागुंतीचा असतो. समजा, पॅटर्न उद्यमनगरात, ओतकाम शिरोलीत, मशीनिंग गोकुळ शिरगावात, रंग आणि तपासणी कागलला. प्रत्येक टप्पा वेगळ्या मालकाचा. फोनमुळे या सुट्या सुट्या शेड एका मोठ्या कारखान्यासारख्या वागू शकतात, ही या साधनाची खरी किमया.

कागलला आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-चाकणच्या उद्योजकाला सहज लक्षात येणार नाही. गावाच्या दक्षिणेला दूधगंगा ओलांडली की कोगनोळी, म्हणजे कर्नाटक. आपल्याकडे मोबाइलचे परवाने सर्कलनिहाय दिले गेले. मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा हे एक सर्कल, कर्नाटक दुसरे. लहरीला हद्द कळत नाही, त्यामुळे सीमेवरचा फोन कधी या बाजूचा टॉवर पकडतो तर कधी त्या बाजूचा. रोमिंगचे पैसे पडत होते त्या काळात आपल्याच गावात बसून परराज्याचे बिल भरावे लागे. २०१५च्या जूनमध्ये बीएसएनएलने रोमिंगमधले इनकमिंग फुकट केले, पुढच्या एक-दोन वर्षांत खासगी कंपन्यांनाही तसे करावे लागले आणि सीमाभागाची ती कटकट मिटली.

फोनमधली हद्द पुसली गेली, कागदावरची मात्र राहिली. कागलहून पुणे अडीचशे किलोमीटर आणि निपाणी वीसेक किलोमीटर. पण पुण्याला जाणारा माल राज्यातला, त्याला ई-वे बिल लागते ते किंमत एक लाख रुपयांच्या वर गेली तर. निपाणीला जाणारा माल परराज्यातला, त्याला ५० हजारांची मर्यादा. आणि तो जॉबवर्कसाठी चालला असेल तर किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागतेच. बेळगाव हे फाउंड्री आणि मशीनिंगचे मोठे केंद्र आहे, तिकडे रोज माल जातो-येतो. टेम्पोत चार पेट्या टाकल्या आणि ड्रायव्हरला ‘जा’ म्हटले, असे चालत नाही. हे बिल मोबाइलवरून काढता येते, नोंदवलेल्या नंबरवरून एसएमएसनेही काढता येते. आयत्या वेळी गाडी बदलली तर नवा क्रमांक फोनवरूनच भरता येतो. आणि तो भरायला सिग्नल लागतो, म्हणजे शेडच्या दारातली रेंज हा आता कायद्याच्या पालनाचाही भाग झाला आहे.

इथवर सोयींबद्दल झाले. मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते नोंदीबद्दल. लहान कारखान्याची आजची खरी वही व्हॉट्सॲपमध्ये आहे आणि ती कोणी वही म्हणून ठेवत नाही. ऑर्डर तिथे येते, ड्रॉइंग तिथे येते, ‘उद्या दोनशे पाठवा’ हे तिथे येते आणि रिजेक्शनचा फोटोही तिथेच येतो. सगळे मालकाच्या खासगी फोनमध्ये, लग्नाच्या आमंत्रणांच्या आणि शाळेच्या ग्रुपच्या मधोमध.

ड्रॉइंगचेच घ्या. मोठी कंपनी ड्रॉइंगमध्ये बदल करते तेव्हा कोपऱ्यातले आवृत्तीचे अक्षर बदलते. ए गेले, बी आले. एका बोअरचा टॉलरन्स दोन शतांशांनी घटलेला असतो, बाकी सगळे तसेच. हे ड्रॉइंग रात्री मालकाच्या फोनवर येते. मालक ते सुपरवायझरला पाठवतो, सुपरवायझर ऑपरेटरला. ऑपरेटरच्या फोनमध्ये जुनेही असते आणि नवेही, दोन्ही सारखीच दिसतात. सकाळच्या पाळीत चुकीच्या आवृत्तीवर शंभर नग निघून जातात. यावर उपाय साधा आहे. ड्रॉइंग फोनवर येऊ दे, पण मशीनपाशी एकच प्रत असावी, छापलेली किंवा टॅबवर उघडलेली. तिच्यावर आवृत्ती आणि तारीख मोठ्या अक्षरात असावी, आणि जुनी प्रत त्याच मिनिटाला काढून टाकावी. शिवाय ते ड्रॉइंग आपले नसते, कंपनीचे असते. मोठ्या कारखान्यांत गेटवर कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, फोन जमा करून घेतात ते याच काळजीने. त्यांच्या जॉबवर्करच्या शेडमध्ये तेच ड्रॉइंग दहा फोनमध्ये फिरत असेल, तर एक दिवस काम हातचे जाईल.

आता रिजेक्शनचा फोटो. कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघाले, तपासणाऱ्याने फोटो काढला आणि पाठवला. फोटोत एक खड्डा दिसतो. तो कोणत्या हीटचा, कोणत्या चलनाचा, केवढा, यातले काही कळत नाही. मग भांडण. खरा उपयोगी फोटो काढायला एक मिनिट जास्त लागते. नगावर हीट नंबर खडूने लिहिलेला असावा, बाजूला स्टीलची पट्टी ठेवलेली असावी, चलनाचा क्रमांक त्याच चौकटीत यावा. पाठवताना तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. एरवी व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते आणि त्यातली काढल्याच्या वेळेची नोंद गळून पडते.

इतक्या बारकाव्याचे कारण कायद्यात आहे. २००६च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. दिवस कधीपासून मोजायचे हेही कायदा सांगतो. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल ज्या दिवशी पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला, असे धरले जाते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखीचा दर्जा देतो. म्हणजे ‘माल मिळाला’ हा साधा मेसेज आणि त्याची तारीख, दोन महिन्यांनी अडकलेल्या पैशांच्या भांडणात तुमच्या बाजूचा पुरावा होऊ शकते. तीन आठवड्यांनी आलेला ब्लोहोलचा फोटो उशिराचा आहे हेही त्याच तारखांवरून दाखवता येते.

पण मेसेज पुरावा म्हणून उभा राहायला काही पथ्ये आहेत, आणि त्यांचा मोठा निकाल महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून आला. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवर येऊन ठेपला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर तिच्यासोबत कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात आणून सिद्ध केले, तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही कलम ६३ खाली प्रमाणपत्राची अट आहे. वकील यातले बारकावे सांगेल. शेडमधल्या माणसाने एवढे लक्षात ठेवावे की स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नव्हे, चॅट पुसू नये, आणि ज्या फोनवर व्यवहार झाला तो फोन वाद मिटेपर्यंत भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देऊ नये.

त्यासाठी तो फोन कारखान्याचा असायला हवा. एक साधा हँडसेट, एक स्वतंत्र नंबर, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस. हे ॲप २०१८पासून आहे आणि लहान धंद्याला फुकट आहे. त्याच खात्याला आणखी चार उपकरणे जोडता येतात, म्हणजे ऑफिसातला संगणकही तोच व्यवहार पाहू शकतो. मालक गावाला गेला, आजारी पडला, तरी नोंद शेडमध्येच राहते. सुपरवायझर नोकरी सोडून गेला तर गिऱ्हाइकाची चार वर्षांची बोलणी त्याच्या खिशातून जात नाहीत. सिम कोणाच्या नावावर आहे हे इथे महत्त्वाचे. सुपरवायझरच्या नावावरचा नंबर व्हिजिटिंग कार्डावर छापला, तर कायद्याने तो नंबर त्याचाच.

नंबराचे महत्त्व गेल्या काही वर्षांत फारच वाढले आहे. १ जुलै २०२०पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी आधारशी जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीने होते. जीएसटी, भविष्यनिर्वाह निधी, वीजबिल, बँक, यूपीआय या सगळ्यांची दारे एका नंबरला उघडतात. तरीही अनेक लहान कारखान्यांची जीएसटी नोंदणी कर सल्लागाराच्या नंबरवर असते. नोंदणी करताना मालक मशीनवर होता, ओटीपी सांगायला वेळ नव्हता, सल्लागाराने सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकला. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पण सल्लागार बदलायचा म्हटले की मालक आपल्याच दाराबाहेर उभा. जीएसटी पोर्टलवर अधिकृत सहीदाराचा मोबाइल नंबर बदलता येतो, त्याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. संबंध चांगले असतानाच हे काम उरकून घ्यावे.

दुसरा धोका बंद पडलेल्या सिमचा. बँकेत दिलेला जुना नंबर रिचार्जअभावी पडून राहतो. ९० दिवस वापर झाला नाही तर तो बंद होऊ शकतो, आणि बंद झालेला नंबर आणखी किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. त्यानंतर तुमच्या खात्याचे मेसेज एखाद्या अनोळखी माणसाला जातील. सेवा नको असेल तर कंपनी बदला, नंबर ठेवा. २० जानेवारी २०११पासून ही सोय देशभर आहे. फोन हरवला तर संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो, त्यासाठी लागणारा आयएमईआय क्रमांक आधीच डायरीत लिहून ठेवलेला असावा. पैसे गेले तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर फोन करावा. लहान कारखान्यांना फसवायची एक ठरलेली रीत म्हणजे पुरवठादाराच्या नावाने येणारा ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ हा मेसेज. असा मेसेज आला की त्यातल्या नंबरवर नव्हे, आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या नंबरवर फोन करून, आवाज ओळखून खात्री करावी. आवाजाचीही नक्कल होऊ शकते, म्हणून रक्कम मोठी असेल तर समक्ष जावे. गोकुळ शिरगाव काही लांब नाही.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीपाशी महामार्गावर आले, वाहतूक थांबली, आणि शिरोली व कागल एकमेकांना दुरावले. अशा वेळी वीज गेली की टॉवर बॅटरीवर आणि डिझेलवर चालतात, आणि रस्ताच बंद असेल तर डिझेल पोहोचत नाही. म्हणून कारखान्याच्या फोनमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असावीत. महत्त्वाच्या वीस-पंचवीस माणसांचे नंबर कागदावर लिहून ऑफिसच्या भिंतीला लावावेत. आपल्यापैकी किती जणांना स्वतःचा सोडून दुसरा एकही नंबर पाठ आहे?

उद्या पाळी सुरू होण्यापूर्वी अर्धा तास काढा. जीएसटी, उद्यम, बँक आणि वीजबिल या चार ठिकाणी कोणता मोबाइल नंबर नोंदवला आहे ते पाहा, ते सिम कोणाच्या नावावर आहे ते पाहा. चारही ठिकाणी एकच नंबर नसेल, किंवा तो कारखान्याच्या ताब्यात नसेल, तर राउटर आणि केबल नंतर घ्या. आधी नंबर आपल्या ताब्यात आणा.